पेत्राची तलवार आणि आपले कपाट



गेथशेमनी बागेतला प्रसंग आपण दरवर्षी पवित्र सप्ताहात ऐकतो. संत पेत्र तलवार उपसतो आणि प्रमुख याजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान छाटतो. येशू त्याला तलवार म्यानात घालायला सांगतो. इतके आपल्याला पाठ आहे. पण पेत्राकडे तलवार आली कुठून, हे आपण विचारत नाही. तीन वर्षे तो प्रभूबरोबर हिंडला. वैऱ्यावर प्रीती करण्याचे प्रवचन त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. त्या रात्री तो भोजनावरून उठून बागेत आला, म्हणजे प्रभूच्या हातून भाकर घेतानाही ती तलवार जवळच होती. पेत्र दुष्ट नव्हता. तो घाबरलेला होता, आणि हाताशी धारदार वस्तू होती. एवढे पुरेसे झाले. मल्खाचा कान गेला तो नेम चुकला म्हणून, नाहीतर डोकेच जायचे. संत लूक सांगतो की प्रभूने तो कान बरा केला. अटकेपूर्वीचा हा अखेरचा चमत्कार त्याला आपल्याच शिष्याने केलेली जखम भरण्यासाठी खर्च करावा लागला.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेत मिनियापोलिस शहरातल्या अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या मुलांची मिस्सा चालू होती. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. बाहेरून एकाने खिडक्यांतून गोळ्या झाडल्या. बाकांवर बसलेली दोन लेकरे, एक आठ वर्षांचे, एक दहा वर्षांचे, दगावली. अनेक जखमी झाली. आपल्याकडेही शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलांची मिस्सा असते. पुढच्या बाकांवर कोण बसते ते तुम्ही जाणता. त्या रविवारी पोप लिओ चौदावे यांनी देवदूताच्या प्रार्थनेच्या वेळी शस्त्रांच्या या साथीतून जगाची सुटका व्हावी म्हणून प्रार्थना केली. ते स्वतः अमेरिकेचे. आपल्या घरातल्या रोगाविषयी बोलावे तसे ते बोलले.

आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी कुटुंबांची मुले तिकडे आहेत. 'तिकडे हे असे का होते?' हा प्रश्न मिस्सेनंतर अंगणात मला पुष्कळदा विचारला जातो. सोपे उत्तर नाही. १७९१ साली त्यांच्या घटनेत दुसरी दुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क ठरला. आज तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. २०१८च्या एका अभ्यासात शंभर माणसांमागे सुमारे १२० असा हिशेब निघाला होता. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा उलट बाजूने सुरू होतो: शस्त्र हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. २०१९च्या दुरुस्तीने तर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या भागात हा परवाना पोलीस आयुक्त देतात.

म्हणून आपण निश्चिंत असावे काय? २ फेब्रुवारी २०२४ची रात्र आठवा. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या खोलीत, गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांच्यावर आरोप आहे. शिंदे गटाचे महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी जखमी झाले. सुदैवाने दोघे वाचले. मुलाला मारहाण होत होती म्हणून गोळी झाडली, असे आमदारांनी स्वतः वृत्तवाहिनीला सांगितले. दोषाचा निवाडा न्यायालय करील, तो माझा विषय नव्हे. माझे लक्ष जाते ते द्वारली गावच्या जमिनीकडे. भांडण जमिनीचे होते. तक्रार घेऊन माणसे योग्य जागी, पोलिसांच्या दारात गेली होती. तरीही बंदूक जवळ होती. पुढच्या सहाच दिवसांत दहिसरला फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या घालून हत्या झाली.

'बंदूक मारत नाही, माणूस मारतो,' असे अमेरिकेत बंदुकीच्या बाजूचे लोक म्हणतात. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीत २८ फेब्रुवारी २०१६च्या पहाटे एका तरुणाने घरातल्या चौदा माणसांचे गळे चिरले आणि स्वतः गळफास घेतला. आई-वडील, पत्नी, बहिणी, लेकरे. वाचली ती एक बहीण. तिथे बंदूक नव्हती, सुरी होती. काईनाकडे तर काय होते कोण जाणे. पाप हृदयात आधी जन्मते ही ख्रिस्तसभेची शिकवण आहेच.

पण अर्धे सत्य पुरे मानू नये. १४ डिसेंबर २०१२ हा एकच दिवस घ्या. चीनच्या हेनान प्रांतात चेनपेंग गावच्या शाळेत एक माणूस सुरी घेऊन शिरला. तेवीस मुले जखमी झाली, एकही मेले नाही. त्याच दिवशी अमेरिकेत सँडी हुक शाळेत एक जण बंदूक घेऊन शिरला. वीस मुले आणि शाळेतली सहा मोठी माणसे मेली. दोन्हीकडे हृदयातला अंधार सारखाच म्हणा, पण आयांच्या वाट्याला आलेली संध्याकाळ सारखी नव्हती. सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकवत. पुढच्या टीकाकारांनी त्यांत 'साधन' या कारणाची भर घातली, ते परीक्षेपुरते आम्ही पाठ केले होते. साधन हे नुसते माणसाच्या हातात नसते, ते हाताला काय जमेल तेही ठरवते, हे मला वर्तमानपत्रे वाचून कळले.

आता माझी एक चूक सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक गृहस्थ माझ्याकडे आले. वडिलोपार्जित जमिनीवरून चुलत भावाशी वाद होता, आणि त्या बाजूला जमिनीचे भाव इतके चढले होते की वादात बाहेरची माणसे शिरली होती. रात्री धमकीचे फोन येत. 'फादर, रिव्हॉल्व्हरचे लायसन्स काढतोय. पाप आहे का?' असे त्यांनी सरळ विचारले. बायबलही घेऊन आले होते; लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्रभूच शिष्यांना अंगरखा विकून तलवार घ्यायला सांगतो, ते त्यांनी बोट ठेवून दाखवले. मी म्हटले, पुढे वाचा. शिष्य दोन तलवारी दाखवतात आणि प्रभू पुरे म्हणतो. पकडायला आलेल्या जमावापुढे दोन तलवारींनी कसले संरक्षण होणार? मग मी संत थॉमस अक्विनास काढला. स्वतःचा जीव वाचवणे पाप नाही, मात्र गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर ते पाप होते, असे मी नीट समजावले. उत्तर बरोबर होते. गृहस्थ समाधानाने उठले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज भरला.

त्या चुलत भावाचे नावसुद्धा मी विचारले नव्हते. तोही आमच्याच चर्चचा होता, सकाळच्या पहिल्या मिस्सेला येई.

अर्ज पुढे सरकला नाही. घरात बाईंनी एकच विचारले होते: 'कपाटाची चावी कुठे ठेवणार? बारक्याला आपल्या सगळ्या जागा ठाऊक आहेत.' त्यांचा धाकटा तेव्हा दहावीत होता, चाचणीत नापास झाला की दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नसे. गृहस्थांनी मला हे नंतर सांगितले, थोडे लाजत. त्या चावीचा विचार संत थॉमसने केला नव्हता, मीही केला नव्हता. मी फक्त दारावर येणाऱ्या शत्रूचा विचार केला होता.

त्यानंतर मी दोघा भावांना बोलावले. पहिल्या खेपेला एकच आला. तिसऱ्या खेपेला दोघे आले, एकमेकांकडे न बघता बसले, चहा तसाच ठेवून गेले. मोजणी पुढे सरकारी मोजणीदाराकडूनच झाली आणि बांध दोघांच्याही म्हणण्यापेक्षा वेगळा निघाला. ते आजही फारसे बोलत नाहीत. पण फोन थांबले.

आपल्या धर्मग्रामातही जमिनीचे, पुनर्विकासाचे, वडिलांच्या खोलीच्या वाट्याचे वाद आहेत. मला काही ठाऊक आहेत, काही नसतील. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर मी ऑफिसात असतो. एकटे आलात तरी चालेल. दुसऱ्या बाजूचे नाव मात्र या वेळी मी आधी विचारीन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू