पलटणीच्या कागदांतील पूर्वज

"आमचे खापरपणजोबा पलटणीत होते," हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळ घरांत चालत आले आहे. आता शिकलेली मुले विचारतात, कोणत्या पलटणीत? कागद कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. जन्मावरून माणसाची प्रत ठरवू नये म्हणून आपण धम्म स्वीकारला. मग कूळ कशाला शोधावयाचे?

पुण्याजवळ कोरेगाव भीमा येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ रोजी पडलेल्या २२ महार शिपायांची नावे आहेत. शेवटच्या 'नाक' वरून ती ओळखू येतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. त्यात गोऱ्या साहेबाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन सारे सापडते. देशी शिपायाची हकीकत क्वचितच. म्हणून आधी घरची पेटी उघडावी. पेन्शनचा कागद पाहावा, पदक असल्यास त्याची कड पाहावी. तेथे बहुधा नाव व पलटण कोरलेली असते.

जेथे शिपायाची नोंद मिळते तेथे नाव-गावाबरोबर बहुधा जातही असते. तीच जात पाहून इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. पुढे महायुद्धात माणसे हवी झाली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली! तेव्हा 'साहेबाने आम्हांला शूर म्हटले' यात भूषण मानणे मला पटत नाही.

शोधावयाची ती कृती. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त हवालदारांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये तीच मागणी विलायतेपर्यंत नेली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिकवीत. पलटणीत मिळालेल्या अक्षराचे या माणसांनी काय केले ते पाहा. वसल सुत्तात भगवंतांनी सांगितले की माणूस जन्माने नव्हे, कर्माने हीन किंवा श्रेष्ठ होतो. हे माप पूर्वजालाही लावले पाहिजे. कागदात त्याची शिक्षा निघाली, तो पळून गेल्याचे निघाले, तर तेही उतरवून घ्यावे.

मुले जातीचा रकाना गाळू पाहतात. मी त्यांना तो लिहावयास लावतो. तो गाळला तर १८९४ चा अर्ज कशाविरुद्ध होता, हे त्यांच्या मुलांना कसे कळणार?