जे वाचलं ते

बँकॉकची ‘हाफ डे सिटी टूर’ सकाळी हॉटेलच्या दारातून निघते आणि दुपारच्या भारतीय जेवणापाशी संपते. तेवढ्यात एक सोन्याचा बुद्ध, एक पहुडलेला बुद्ध, जमलं तर एक संगमरवरी देऊळ आणि शेवटी हिऱ्या-माणकांचं दुकान उरकायचं असतं. सगळ्यात जास्त वेळ मिळतो तो दुकानात. मग मंडळी परत येऊन सांगतात, ‘बँकॉकमध्ये बघण्यासारखं तसं काही नाही हो, शॉपिंग मात्र भरपूर.’ त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना दाखवतातच तेवढं. पण घाईघाईत पाहिलेल्या या जागांच्या मागे एकच गोष्ट आहे, आणि ती बसमध्ये माइकवर कोणी सांगत नाही.

गोष्ट १७६७ सालची. आपल्याकडे पानिपत होऊन सहा वर्षं झाली होती. सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी अयुथ्या, चारशेहून अधिक वर्षं नांदलेली, ब्रह्मदेशाच्या फौजांनी वर्षभराच्या वेढ्यानंतर घेतली आणि जाळली. राजवाडा जळाला, देवळं जळाली हे तर झालंच. पण त्याबरोबर ग्रंथ गेले, कायद्याच्या पोथ्या गेल्या, नाटकांच्या संहिता गेल्या, वैद्यांची बाडं गेली. हजारो माणसं कैद करून नेली. मोठमोठ्या मूर्तींना जाळ लावून त्यांच्यावरचं सोनं वितळवून घेतलं.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७८२ मध्ये (इकडे सालबाईचा तह झाला ते वर्ष), चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी वसवायला घेतली. इतिहासात तो पहिला राम म्हणून ओळखला जातो. तटबंदीला विटा हव्या होत्या. त्या अयुथ्याच्या पडक्या तटातून काढून नावांत भरून खाली आणल्या. उंच काचेच्या इमारती आणि डोक्यावरून धावणाऱ्या रेल्वेचं जे शहर आपण आज पाहतो, त्याच्या पायाशी मेलेल्या शहराच्या विटा आहेत.

घर जळालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी राख उकरायला लागतो, तेव्हा आधी काय शोधतो? दागिने म्हणाल तर ते शोधतोच. या राजानेही वैभव उभं केलं; ग्रँड पॅलेसचं सोनं डोळे दिपवतं. पण त्याच्या कारकिर्दीची साल-वार यादी पाहिली की वेगळंच काही दिसतं. १७८८ मध्ये त्याने भिक्खू आणि पंडित बसवून त्रिपिटक तपासून घेतलं आणि नव्याने लिहून काढलं. १७९७ मध्ये ‘रामकियन’, म्हणजे तिकडचं रामायण, पुन्हा सिद्ध झालं. १८०५ मध्ये कायदे तपासून, त्यावर तीन शिक्के मारून ठेवले. जे माणसांच्या डोक्यात उरलं होतं, ते ती माणसं असेपर्यंत कागदावर उतरवून घ्यायचं, अशी ही घाई होती. पॅलेसच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती जी लांबलचक ओवरी आहे, तिच्या भिंतींवर ही रामकथा १७८ चित्रांत रंगवलेली आहे. आपला मारुती त्यात पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी अजिबात नाही. मराठी माणूस तिथे थोडा गोंधळतो, मग हसतो.

सोन्याचा बुद्धही असाच वाचलेला. वाट ट्रायमित (‘वाट’ म्हणजे देऊळ) इथली ही साडेपाच टनांची मूर्ती कित्येक पिढ्या साध्या गिलाव्याची म्हणून पुजली गेली. १९५५ मध्ये ती हलवताना खाली पडली, गिलावा उडाला आणि आत सोनं चमकलं. शत्रूच्या नजरेतून सुटावी म्हणून कधीतरी कोणीतरी ती लिंपली असावी, असं मानतात. ज्यांनी लिंपली त्यांनी ते गुपित इतकं चोख ठेवलं की ते त्यांच्याबरोबरच गेलं.

मला मात्र सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते वाट फोमध्ये. इथे लोक येतात ते पहुडलेल्या बुद्धासाठी. ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं. चपला पिशवीत घालून हातात धरायच्या, पाठीमागच्या बाजूला ओळीने मांडलेल्या १०८ भांड्यांत एकेक नाणं टाकत जायचं. टणटण आवाज देवळात सतत चालू असतो. फोटोत पूर्ण मूर्ती कधीच मावत नाही, तरी प्रत्येकजण प्रयत्न करतो. इथवर सगळे येतात आणि इथूनच बसकडे परत फिरतात.

न फिरता पुढच्या ओवऱ्यांत गेलं की बुद्धांच्या रांगाच रांगा लागतात. पहिल्या रामाने अयुथ्या, सुखोथाय आणि उत्तरेकडच्या ओसाड देवळांतून बाराशेवर मूर्ती नदीमार्गे इकडे आणवल्या, त्यांतल्या कित्येक इथे ठेवलेल्या आहेत. सोनेरी मुलाम्याखाली सगळ्या सारख्या वाटतात. पण जरा वेळ पाहत राहिलं की कोणाचा चेहरा लांबट अंडाकृती, कोणाचा रुंद जबड्याचा, हे कळायला लागतं. वेगवेगळ्या गावांतले निर्वासित एका धर्मशाळेत येऊन बसावेत, तशी ही मांडणी आहे.

जवळच चार उंच स्तूप आहेत, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्यांतला हिरव्या कौलांचा स्तूप पहिल्या रामाच्या वेळचा. चाळीस मीटरहून उंच, अंगभर चिनी मातीची फुलं. निळ्या आकाशासमोर त्याचा फोटो इतका सुंदर येतो की आत काय आहे असा प्रश्न कोणाला पडत नाही. आत एक जळालेली मूर्ती आहे. अयुथ्याच्या राजवाड्यातल्या देवळात सोन्याने मढवलेला, सुमारे सोळा मीटर उंचीचा उभा बुद्ध होता. त्याचं सोनं ब्रह्मी सैन्याने जाळून उतरवून नेलं. उरलेला धातूचा सांगाडा या राजाने बँकॉकला आणवला. दुरुस्त होण्यापलीकडे होता. वितळवून नवी मूर्ती ओतावी का, असं त्याने धर्माचार्यांना विचारलं. त्यांना ते पटलं नाही. मग त्या अवशेषांभोवती स्तूप बांधून त्यांना कायमचं आत ठेवलं. ना ते फेकले, ना नवं रूप देऊन जुनं विसरलं, ना ‘पाहा आमच्यावर काय अन्याय झाला’ म्हणून चव्हाट्यावर मांडले. दोनशेहून अधिक वर्षं ते तसेच आहेत, आणि बाहेरून कौलं चमकत असतात.

वाट फोचं आजचं रूप बरंचसं तिसऱ्या रामाचं. हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला राजा. पहुडलेला बुद्ध त्याचाच. पण त्याने आणखी एक काम केलं, ज्याची दखल युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक स्मृतिनोंदीत घेतली. देशातलं जे काही शहाणपण हाताला लागेल ते त्याने दगडी पाट्यांवर कोरवून भिंतींत बसवलं. चौदाशेहून अधिक शिलालेख. त्यांत काव्यशास्त्र आहे, नीतिवचनं आहेत, आणि वैद्यक पुष्कळ आहे. पूर्वेकडच्या लहान मंडपांत मानवी देहाच्या रेखाकृती दिसतात: समोरून एक, पाठमोरी एक, आणि नाभीच्या आसपासून निघून हातापायांच्या बोटांपर्यंत गेलेल्या बारीक रेषा, वाटेत ठिकठिकाणी बिंदू आणि शेजारी कोणता बिंदू दाबल्यावर कोणतं दुखणं हलकं होतं त्याची टीप. मी पाहिलं तेव्हा त्या मंडपात सावलीला बसलेली एक प्रौढ बाई पाटीकडे बघत स्वतःची पोटरी अंगठ्याने चाचपत होती. रेषा बरोबर लागली असावी, कारण तिने दुसऱ्या पायालाही तेच केलं. थाय मसाज म्हणून जगभर जे विकलं जातं, त्याचं हे उघडं पाठ्यपुस्तक. त्याची शाळाही याच देवळाची.

मला ही कल्पना फार धीट वाटते. आपल्याकडे काविळीचं, मुतखड्याचं, विंचवाचं औषध देणारी घराणी गावोगाव होती. औषध फुकट देत, पण पाला कुठला ते सांगत नसत. सांगितलं की गुण जातो! घरातला जाणता माणूस गेला की औषधही गेलं. इथे एका राजाने नेमकं उलटं केलं: आपल्या देशाचं सगळं एकदा जळून गेलं होतं म्हणून असेल, पण ज्ञान लपवून टिकत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवून टिकतं, असं त्याने मानलं. सोनं गिलाव्याखाली वाचलं. विद्या मात्र भिंतीवर वाचली.

नदीपलीकडे वाट अरुण आहे. थाटियनच्या धक्क्यावरून काही बाथांत नाव पलीकडे सोडते. लांबून नक्षीदार दिसणारा त्याचा मनोरा जवळ गेल्यावर ओळखीच्या वस्तूंचा निघतो: फुटक्या चिनी बश्या, वाट्यांचे तुकडे, शिंपले. बशीच्या कडेची पाकळी, तळाचं फूल. व्यापाराच्या जहाजांतून आलेली आणि फुटलेली भांडी टाकून न देता भिंतीला लावली. इथेही तोच हात दिसतो.

एवढं सगळं जपणाऱ्या शहराच्या हातून काही सुटलं नाही असं नाही. जुन्या तटाच्या चौदा बुरुजांपैकी दोन उरले आहेत, त्यांतला एक महाकान. त्याच्या भिंतीला लागून लाकडी घरांची एक वस्ती होती. पंचवीस वर्षं महापालिकेशी झगडून २०१८ मध्ये शेवटची कुटुंबं तिथून उठली. आता तिथे हिरवळ आहे, स्वच्छ आणि रिकामी. विटा जपल्या, आणि त्या विटांच्या आधाराने राहणारी माणसं, त्यांची बोलणी, त्यांचे धंदे घालवले. पहिल्या रामाने अयुथ्याहून विटांबरोबर माणसांच्या आठवणीही आणल्या होत्या, हे त्या हिरवळीवर उभं राहिल्यावर फार जाणवतं. बुरूज पाहायचाच असेल तर बागेसाठी पाहू नका.

तेव्हा बँकॉकला जाणार असाल तर एक सकाळ टूरमधून सोडवून घ्या. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. ‘आज पॅलेस बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणणाऱ्या टुकटुकवाल्याला हसून नमस्कार करा. पॅलेस बहुधा उघडाच असतो आणि त्याची वाट रत्नांच्या दुकानाकडे जाते. वाट फो सकाळी आठला उघडतं, मेट्रोचं सनाम चाय स्टेशन जवळच आहे. पहुडलेल्या बुद्धाला पाहून झाल्यावर परत फिरू नका. आधी हिरवा स्तूप, मग पूर्वेकडचे मंडप. आणि बसच्या गाइडला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की हिऱ्यांच्या दुकानात तुमची वाट पाहू नये.