काडी कोणाची, गवत कोणाचे?

मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्यात वणवा पेटला, आणि पुढील काही दिवसांत सह्याद्रीच्या उतरणीवर ठिकठिकाणी आगी लागल्या. वनखात्याची माणसे जंगलात उतरली. शेवटी नौदल व वायुसेना यांची हेलिकॉप्टरेही पाणी घेऊन आली. डोंगर अजून धुमसत होता, तोच जो तो विचारू लागला, आग लावली कोणी?

बोट बहुतेक काजूवाल्यांकडे गेले. काजूखालचे गवत व पाचोळा जाळण्याची रीत आहे खरी. आम्हीही वर्तमानपत्र वाचून घरबसल्या हाच निवाडा देऊन टाकला होता. त्याची आज आम्हांस थोडी लाज वाटते.

कारण काडी जुनीच आहे; गवत मात्र पूर्वीचे राहिलेले नाही. त्या वर्षीचा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. उन्हाने पाने, गवत, माती सारेच कोरडे झाले, की ठिणगी बांधापाशी थांबत नाही. ही उष्णता वाढविली कोणी? कोळशाच्या भट्ट्यांनी, मोटारींनी, आणि आम्ही बडोद्यास वा हैदराबादेस ज्या गार खोल्यांत निजतो, त्यांच्या विजेनेही. अभयारण्यात आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. रान सुकविणाऱ्यास मात्र कोणी पकडत नाही.

तर मग दोष सर्वांचा, असे म्हणावे काय? हे म्हणणे आम्हांस फार सोयीचे वाटते, म्हणूनच त्याची भीती वाटते. कोट्यवधींत वाटलेले कर्ज एकेकाच्या वाट्यास पैसाभरही येत नाही, आणि सावकार उपाशीच राहतो. येथे सावकार म्हणजे तो बागायतदार, ज्याची काजूची झाडे ऐन हंगामात होरपळली. बोंडू गेले, बी गेली, आणि वर शेजारी संशयाने पाहतात. त्याने काडी लावली नसेल, तरी ते पाहणे चुकत नाही.

पाऊस पडला की तो खड्डे खणून नवी कलमे लावील. त्यांना फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागतात. तोवर घरात काय शिजते, हे विचारण्यास त्याच्या दारी कोणी गेले आहे काय?