आपलेपणाची प्रश्नावली आणि चाळीसगाव

आपण एखाद्या समूहाचे आहोत असे माणसाला वाटणे, म्हणजेच समूहभावना, हा अभ्यासाचा विषय झाला तो मुख्यतः ती हरवत चालल्याच्या चिंतेतून. नात्यागोत्यावर व सहवासावर उभा असलेला समाज आणि करार व हिशेब यांवर चालणारा समाज हा भेद जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड ट्योनीज यांनी १८८७ मध्ये मांडला. पुढे १९७४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सेमूर सॅरासन यांनी हाच प्रश्न व्यक्तीच्या मनाच्या बाजूने पाहिला आणि समूहाविषयीची ही जाणीव समुदाय-मानसशास्त्राच्या केंद्रस्थानी असावी असे प्रतिपादन केले. डेव्हिड मॅकमिलन व डेव्हिड चॅविस यांनी १९८६ मध्ये तिचे चार घटक ठरवले: सदस्यत्व, परस्परांवरील प्रभाव, गरजांची पूर्ती आणि सामायिक भावनिक बंध.

व्याख्या झाली की मोजमाप आलेच. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ विधानांच्या सूचीला ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच उत्तर अपेक्षित होते आणि तिचे एकक होते अमेरिकी शहरातला ‘ब्लॉक’, म्हणजे रस्त्यांनी वेढलेला घरांचा चौकोन. तिच्या उपघटकांची विश्वसनीयता, म्हणजे एकाच घटकाच्या विधानांना मिळणाऱ्या उत्तरांतला परस्परमेळ, अपुरी ठरल्याने २००८ मध्ये २४ विधानांची आणि चार पायऱ्यांच्या उत्तरांची सुधारित आवृत्ती आली, जिच्यात समूहाचे नाव लिहिण्यासाठी मोकळी जागा सोडलेली आहे.

ही प्रश्नावली मराठीत आणायची तर भाषांतर आले, आणि अशा साधनाचे भाषांतर कसे करावे याचा विचार तिच्या आधीच पुढे गेला होता. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराची पद्धत मांडली, जिच्यात भाषांतरित मजकूर दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत आणून दोन्ही ताडून पाहिले जातात. मराठीला हा प्रश्न त्याआधीच भेटला होता: व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या कन्नड व मराठी मुलांसाठी नव्याने बसवल्या आणि १९४० मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. परक्या मुलांसाठी घडलेली चाचणी इथल्या मुलांवर पारखून घ्यावी लागते, हा त्या कामाचा धडा समूहभावनेच्या प्रश्नावलीला तितकाच लागू आहे. नकारार्थी विधानांचेच पाहावे. ‘इथल्या लोकांत एकमत नसते’ हे वाचून दाखवल्यावर कोणी ‘हो, नसतं’ म्हणेल, कोणी ‘नाही, नसतंच’ म्हणेल. दोघांचे म्हणणे एकच, पण पहिला शब्द ऐकून खूण करणारा सर्वेक्षक त्यांना विरुद्ध रकान्यांत टाकेल, आणि कागदाशी कागद ताडणाऱ्या उलट भाषांतराला हा घोटाळा दिसणारच नाही.

खरी अडचण मात्र समूहाच्या नावासाठी सोडलेल्या त्या मोकळ्या जागेत आहे. रेल्वे जंक्शनमुळे वाढलेले, जिथून धुळ्याकडे फाटा जातो ते चाळीसगाव, अहिराणी बोलणारी आसपासची खेडी आणि तालुक्यातले बंजारा तांडे यांच्यात ही प्रश्नावली नेली, तर तिथे काय लिहायचे? शहर, गल्ली, कॉलनी, तांडा, जात की भाऊबंद? श्रावणात या खानदेश भागात कानबाई देवी बसते तेव्हा मिरवणुकीला सगळी गल्ली लोटते, पण रोटांचा प्रसाद परंपरेने भाऊबंदांपुरता राहतो. म्हणजे एकाच उत्सवात समूहाच्या दोन सीमा आखल्या जातात आणि दोन्ही खऱ्या असतात. सणवार एकत्र साजरे होतात का, या आशयाच्या विधानाला एकच बाई गल्लीच्या संदर्भात एक आणि भाऊबंदांच्या संदर्भात दुसरे उत्तर देईल. शिवाय जिथे रोट एकत्र खाल्ले जातात तिथेच बांधावरून कोर्टकचेऱ्याही चालतात, हे ‘भाऊबंदकी’ म्हणताच मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही; जिव्हाळा वाढला की तंटा घटतो, असे सरळ गणित इथे बसत नाही.

याहून गंभीर प्रश्न ओळखीचा आहे. बहुतेक लोक आपल्याला ओळखतात, हे सदस्यत्वाचे लक्षण मानून प्रश्नावली त्याला गुण देते. अमेरिकी शहरात, जिथे शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसणे हे दुखणे आहे, ते रास्तच. पण खेड्यात दलित वस्तीतल्या माणसालाही सगळे ओळखतात, आणि पुष्कळदा ती ओळख आधी जातीची असते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’मध्ये बलुतेदारीने बांधलेल्या गावाची चिकित्सा केली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. ही परंपरा हाताशी असताना ओळखले जाणे म्हणजेच सामावले जाणे असे मराठी संशोधकाने गृहीत धरणे अक्षम्य होय. अशा गावात बेरीज जास्त आली, तर ती आपलेपणाची की सुटका नसलेल्या सहवासाची, हे आकड्यावरून कळणार नाही.

म्हणून प्रमाण मराठीतला निर्दोष मजकूर हा या भाषांतराचा निम्माच भाग मानला पाहिजे. मोकळी जागा संशोधकाने भरू नये; उत्तर देणाऱ्याला आपले समूह आधी स्वतः सांगू द्यावेत, तीच विधाने निदान दोन समूहांसाठी स्वतंत्रपणे विचारावीत आणि ‘ओळखतात’ याच्या पुढे ‘कशावरून ओळखतात’ हा प्रश्न जोडावा. त्यामुळे अमेरिकी आकड्यांशी थेट तुलना करता येणार नाही, आणि ती सोडून देण्यात फारसे नुकसानही नाही.