देहाची अनुमती आणि मनाचा विवेक

महाड-पोलादपूरच्या अनेक घरांत तुळशीची माळ घातलेले आजोबा आणि मासे खाणारा नातू एकत्र नांदतात. मग वाद निघतो: मनुष्यदेह मांसाहारासाठी घडला आहे काय? आजोबा सपाट दाढा दाखवितात, नातू सुळे.

देह दोघांचीही साक्ष देतो. आडवा हलणारा जबडा, पिष्ट पचविणारी लाळ आणि सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे धान्य-फळांस अनुकूल आहेत. परंतु गवत पचविणारे, गाईसारखे चार कप्प्यांचे जठर आपणांस नाही. आपल्या जठरातील आम्ल मांसही पचविते. ब-१२ जीवनसत्त्व धान्य-भाजीतून मिळत नाही. माळकऱ्यास त्यासाठी दूध-दह्याचा आधार घ्यावा लागतो. तात्पर्य, देह केवळ अनुमती देतो. आज्ञा विवेकाने करावयाची असते.

याचे उदाहरण महाड तालुक्यातच आहे. वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. भाविक त्यांना कुरमुरे घालतात. त्यांना कोणी धरीत नाही. एरवी मासे खाणाराही येथे हात आवरतो. त्याचे दात तेच, जठरही तेच. पालटतो तो भाव.

म्हणून माळकऱ्याने व्रतासाठी दातांचा दाखला देऊ नये आणि मासे खाणाऱ्या स्वजनास हीन लेखू नये. देहाने लादलेल्या संयमास व्रत म्हणत नाहीत. शक्य असूनही जो दयेपोटी सोडतो, त्याचाच त्याग देवाचरणी रुजू होतो.