न केलेल्या कर्माचे फळ

आपल्या दर्शनकारांचे आपापसांत कितीही वैर असले, तरी कर्माच्या कोणत्याही सिद्धांतात दोन दोष येता कामा नयेत, याविषयी त्यांचे सहसा दुमत नसते. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळताच नाहीसे होणे, म्हणजे कृतप्रणाश, हा पहिला. आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याच्याच माथी येऊन आदळणे, म्हणजे अकृताभ्यागम, हा दुसरा. जगाची नैतिक व्यवस्था या दोन निषेधांवर उभी आहे असे मानत मी लहानाचा मोठा झालो. पृथ्वीच्या वायुमंडलात गेल्या शतकात जे घडले त्याची हकीकत समजून घेताना मात्र हे दोन्ही दोष ग्रंथातून उठून प्रत्यक्ष सृष्टीत येऊन बसले आहेत की काय, हा प्रश्न मला सोडीनासा झाला.

ती हकीकत एका निरुपद्रवी वाटणाऱ्या वायूपासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत घरगुती शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड यांसारखे विषारी वायू वापरीत, आणि रात्री नळी फुटून निजलेली माणसे दगावण्याचे प्रकार अमेरिकेत घडत. यावर इलाज म्हणून 1928 साली टॉमस मिज्ली आणि त्याचे सहकारी यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचा शीतक सिद्ध केला, आणि 1930 साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिज्लीने तो छाती भरून हुंगला व उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, याचा तो जाहीर पुरावा होता. याच गृहस्थाने पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती काढली होती, आणि शिसे विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक असल्यामुळे त्या बाबतीत त्याच्या वतीने कैफियत देणे मला शक्य नाही. परंतु शीतकाच्या बाबतीत त्याचा हेतू शुद्ध होता, परीक्षा चोख होती आणि निंद्य असे काहीही त्याने केले नव्हते.

अनर्थाचे मूळ त्या वायूच्या सद्गुणातच होते. तो कशाशीच संयोग पावत नसल्यामुळे पाऊस त्याला धुऊन खाली आणीत नाही आणि माती त्याला शोषीत नाही. तपांबर ओलांडून वर्षानुवर्षे तो वर चढत राहतो आणि अखेर स्थितांबरात अतिनील किरणांच्या माऱ्यात फुटून त्यातील क्लोरीन मोकळा होतो. त्याच उंचीवर, सिडनी चॅपमन यांनी 1930 साली दाखवून दिल्याप्रमाणे, सूर्यप्रकाश ऑक्सिजनपासून ओझोन घडवीत असतो आणि तो ओझोन अतिनील किरण अडवून खालच्या जीवसृष्टीला सांभाळीत असतो. 1974 साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी असा इशारा दिला की हा मोकळा क्लोरीन ओझोनचा नाश करील. आणि त्याचा एकेक अणू स्वतः अविकृत राहून ओझोनचे हजारो, प्रसंगी लाखभर रेणू मोडू शकतो.

यापुढची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. स्थितांबरातील बहुतेक क्लोरीन एरवी हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट अशा संयुगांत बद्ध होऊन निद्रिस्त असतो. दक्षिण ध्रुवावरील दीर्घ रात्रीत मात्र हवा इतकी थंड होते की त्या कोरड्या उंचीवरही हिमकणांचे विरळ मेघ जमतात. त्या कणांच्या पृष्ठभागावर निद्रिस्त संयुगांतून क्लोरीन सुटा होतो, आणि सप्टेंबरात सूर्य परत येताच त्याच्याकडून ओझोनचा संहार सुरू होतो. 1985 साली जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील हॅली ठाण्यावरच्या नोंदींवरून ऑक्टोबरमधील ओझोन किती भयंकर उतरला आहे हे जगापुढे मांडले. मेघांचा हा कार्यकारणभाव सूझन सॉलोमन प्रभृतींनी लवकरच उलगडला. वायू सोडला गेला तो बव्हंशी उत्तर गोलार्धातील नगरांत, आणि ओझोनच्या थराला छिद्र पडले ते जेथे कोणीही शीतकपाट वापरीत नव्हते अशा हिमभूमीवर.

मीमांसकांना याचे नवल वाटले नसते. आज केलेला यज्ञ संपून गेल्यावर त्याचे फळ कालांतराने कसे मिळते, या प्रश्नाला त्यांनी ‘अपूर्व’ हे उत्तर दिले: कर्मातून उपजणारी, डोळ्यांना न दिसणारी, देश व काळ अनुकूल होईपर्यंत टिकून राहणारी शक्ती. ध्रुवीय अंधारात सूर्याची वाट पाहणारा तो क्लोरीन म्हणजे अपूर्वाचेच जड रूप आहे, असे मी म्हणेन. येथपर्यंत शास्त्र आणि रसायन यांची गाठ बरोबर पडते. ती सुटते ती पुढच्या पायरीवर. कारण मीमांसकांचे अपूर्व कर्त्याच्या आत्म्याला चिकटून त्याच्यामागे जाते, आणि हे अपूर्व कर्त्याला सोडून चिलीच्या दक्षिण टोकावरील पुंता अरेनासच्या आकाशात जाते, जेथे वसंत ऋतूत त्या छिद्राची कड अधूनमधून नगरावरून फिरते आणि ज्यांनी काही केले नाही अशी मुले दाहक उन्हात उभी असतात.

त्या मुलांचे काही पूर्वसंचित असलेच पाहिजे, असे म्हणून कोणी सिद्धांत वाचवू पाहील. मला हा युक्तिवाद क्रूर वाटतो. त्याने सोसणाऱ्याला अपराधी ठरविले जाते आणि करणारा बिनबोभाट सुटतो. सिद्धांताची इभ्रत राखण्यासाठी निरपराधाला पिंजऱ्यात उभे करण्यापेक्षा सिद्धांत अपुरा आहे असे मानणे अधिक धार्मिक आहे.

याहून खोल उत्तर मला ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सापडले. नित्य आत्मा नसून सारे क्षणोक्षणी पालटत असेल तर करणारा एक आणि भोगणारा दुसरा होईल, हा आक्षेप बौद्धांवर नेहमीच घेतला जाई. पुनर्जन्माच्या चर्चेत भिक्षू नागसेन मिलिंद राजाला एक दृष्टांत देतो. एक मनुष्य दिवा घेऊन घराच्या माळ्यावर जेवायला बसतो. त्या दिव्याने छपराचे गवत पेटते, गवताने घर आणि घराने सारे गाव. पकडल्यावर तो म्हणतो की, मी ज्या दिव्याच्या उजेडात जेवलो तो अग्नी वेगळा आणि ज्याने गाव जळले तो वेगळा. राजाचा फैसला गावकऱ्यांच्या बाजूने पडतो, कारण दुसरा अग्नी पहिल्यातूनच निघाला. त्या माणसाला गाव जाळायचे नव्हते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले. त्या मापाने तो पापी ठरत नाही, तरीही उत्तरदायी ठरतो.

पाप नाही आणि दायित्व मात्र आहे, या स्थितीला आपल्या परंपरेत फार जुने स्थान आहे: ते म्हणजे ऋण. तैत्तिरीय संहिता ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे ब्राह्मणाच्या जन्माबरोबरच सांगते. ती कोणत्याही अपराधामुळे लागत नाहीत, आधीच्यांनी उभे केलेले जग आयते हाती आल्यामुळे लागतात. आपला धर्मशास्त्रीय व्यवहारही याच वाटेने गेला: बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई, आणि जुगारासारख्या दुर्व्यसनापायी काढलेले कर्ज तेवढे त्यातून वगळले जाई. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने ही जबाबदारी पुढील कर्जांपुरती कायद्यातून गेली. वायुमंडलाचा हिशेब मला या दफ्तरात ठेवावासा वाटतो. शीतकापायी मिज्लीला पापी म्हणण्याचे कारण नाही, आणि त्याच्या शीतकाने राखलेले अन्न खाल्लेल्यांनाही नाही. परंतु त्या सुखाच्या वारशाबरोबर त्याचे देणेही वारसांकडे येते, आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब पापाच्या आरोपाला पुरेशी असली तरी कर्जाच्या दाव्यात चालत नाही.

राष्ट्रांनी हे एकदा मान्य करून दाखविले आहे. 16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रियल येथे झालेल्या करारनाम्याने या वायूंच्या उत्पादनाला मुदती घातल्या. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली, आणि 1990 च्या लंडन येथील दुरुस्तीने धनिक राष्ट्रांच्या वर्गणीतून निधी उभा करण्याची तजवीज झाली. ज्यांनी अधिक उपभोग घेतला त्यांनी अधिक फेडावे, हे त्या तरतुदीचे मर्म आहे. भारत 1992 साली या करारात सामील झाला. अंटार्क्टिकावरचा ओझोन 1980 च्या पातळीला 2066 च्या सुमारास परतेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

उष्णता अडवून पृथ्वी तापविणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे देणे याहून पुष्कळ मोठे आहे. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ पर्वतावर अखंड मोजणी सुरू केली तेव्हा सुमारे 315 होता, आणि आता 420 च्या वर गेला आहे. शीतकाला पर्याय शोधता आला, कारण त्याचे उपयोग मोजकेच होते. अग्नीवर मात्र आपली चूल, रेल्वे आणि गिरणी सारेच उभे आहे. म्हणून ही फेड कठीण आहे आणि तिला अधिक काळ लागेल. परंतु कठीण आहे म्हणून कर्ज बुडविण्याची मुभा आपण सावकाराच्या दारात कधी मागितली नाही, ती येणाऱ्या पिढ्यांच्या दारात तरी कशी मागावी?

वाचकांना एवढीच विनंती करतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या वातानुकूलन यंत्रांत अद्याप आर-22 हा वायू आहे. तो ओझोनला काही अंशी अपाय करतो आणि उष्णता अडविण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट प्रभावी आहे. असे यंत्र दुरुस्तीला किंवा मोडीत देताना कारागीर बहुधा नळी कापून तो हवेत सोडून देतो. तसे करू देऊ नका. वायू टाकीत परत भरून घ्यायला सांगा, आणि त्याची मजुरी वेगळी पडली तर ती द्या.