न केलेल्या कर्माचे देणे

मराठीत 'ऋणानुबंध' या शब्दाला जे माधुर्य प्राप्त झाले आहे त्यामुळे त्याच्या पोटातील मूळ कल्पना किती कठोर आहे याचा आपल्याला सहसा विसर पडतो. लग्नपत्रिकेत, निरोपसमारंभाच्या भाषणात, जुन्या स्नेहाच्या उल्लेखात आपण तो सहजपणे योजतो; परंतु त्याचा अक्षरार्थ असा की, मागील जन्मी कोणाचे तरी काही देणे राहून गेले, आणि ते फेडण्यासाठी वा वसूल करण्यासाठी दोन जीव या जन्मी पुन्हा एकत्र आले. तैत्तिरीय संहितेने तर ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो असे सांगितले आहे: ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडावयाचे. आयुष्याकडे खातेवहीच्या दृष्टीने पाहण्याची ही सवय आपल्या हाडीमासी इतकी खिळलेली आहे की, एखादे राष्ट्र पिढ्यानुपिढ्या दरिद्री का राहते असा प्रश्न निघाला म्हणजेही आपले मन नकळत 'असेल त्याचे काही देणे' या उत्तराकडे वळते आणि तेथेच विसावते.

कर्मसिद्धान्ताची टवाळी करणे सोपे आहे. पण त्याच्या मुळाशी न्यायाचीच तळमळ होती हे टवाळी करणाऱ्यांनी विसरू नये. आमच्या दर्शनकारांना दोन आपत्ती असह्य वाटत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता ते वाया जावे, ही एक. तिला ते कृतनाश म्हणत. न केलेल्या कर्माचे फळ एखाद्याच्या माथी येऊन आदळावे, ही दुसरी. तिचे नाव अकृताभ्यागम. देहाबरोबर जीवही संपतो असे मानले तर या दोन्ही आपत्ती टळत नाहीत, म्हणून पुनर्जन्म मानावयाचा, अशी ही विचाराची साखळी आहे, आणि व्यक्तीपुरती ती पटो वा न पटो, निदान सुसंगत तरी आहे. राष्ट्राला मात्र पूर्वजन्म नसतो. त्याला असतो तो इतिहास, आणि इतिहासाचे दप्तर पाहणाऱ्याची तयारी असेल तर उघडता येते.

कॅरिबियन समुद्रातील हैतीचे दप्तर असे उघडून पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख सँ-दोमँग या नावाने फ्रान्सची वसाहत होता आणि त्या काळच्या वसाहतींत तो अत्यंत किफायतशीर समजला जाई. युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा भाग तेथील मळ्यांतून येई, आणि त्या मळ्यांवर सुमारे 5 लाख गुलाम राबत. ऑगस्ट 1791 मध्ये या गुलामांनी बंड पुकारले, बारा-तेरा वर्षे झुंज दिली, नेपोलियनने धाडलेल्या फौजेलाही धूळ चारली, आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. एकवीस वर्षांनी, 17 एप्रिल 1825 रोजी, फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाने फर्मान काढले: स्वातंत्र्यास मान्यता हवी असेल तर मालमत्ता गमावलेल्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून हैतीने 15 कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत द्यावे, आणि फ्रेंच व्यापारावरील जकात निम्मी करावी. फर्मानामागोमाग लढाऊ जहाजांचा ताफा बंदराबाहेर येऊन उभा राहिला आणि राष्ट्राध्यक्ष बॉये याने अटी मान्य केल्या. पहिला हप्ता 3 कोटींचा. तेवढी रक्कम खजिन्यात कोठली? तेव्हा पॅरिसच्याच पेढीवाल्यांकडून 3 कोटींचे कर्ज काढण्यात आले, आणि पेढीवाल्यांनी त्यातून 60 लाख आरंभीच कापून घेऊन 2 कोटी 40 लाख हाती ठेवले. कर्ज देतानाच कसर कापून घेण्याची आपल्याकडील सावकारांची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या व्यवहारात अपरिचित असे काहीच वाटणार नाही. 1838 साली एकूण मागणी 9 कोटींवर आणण्यात आली खरी. पण देणे फेडण्यासाठी कर्ज आणि कर्ज फेडण्यासाठी आणखी कर्ज ही मालिका पुढे चालूच राहिली, आणि तिचा भार मुख्यतः कॉफीच्या निर्यातीवरील करातून, म्हणजे डोंगरउतारावर कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीतून, वसूल झाला.

दर्शनकारांच्या दोन्ही आपत्ती येथे एकाच खतावर एकत्र नांदताना दिसतात. ज्यांनी राबून संपत्ती निर्माण केली त्यांच्या श्रमाचे फळ समुद्रापार गेले, हा कृतनाश. आणि ज्यांना बाजारात विकले गेले होते त्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी मालकांच्या बुडीत मालमत्तेची, म्हणजे अंशतः स्वतःच्याच देहांची, किंमत मालकांना मोजून दिली, हा अकृताभ्यागम.

अशा देण्याविषयी आमचे धर्मशास्त्र काय म्हणते? पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हे त्याने कर्तव्य म्हणून सांगितले. पण मद्य, द्यूत आणि कामासक्ती यांपायी झालेले कर्ज, राहिलेला दंड वा शुल्क, किंवा व्यर्थ दिलेले दान यांचे देणे पुत्राच्या माथी येत नाही, असे याज्ञवल्क्याने बजावले आहे. बळजबरीने लिहवून घेतलेला लेख मनूने सरळ रद्दबातल ठरविला. दामदुप्पटीचा नियम असा की, एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. जे शास्त्र पारलौकिक हिशेबात कोणाचीही सूट मान्य करीत नाही, तेच ऐहिक कर्जाच्या बाबतीत 'हे कर्ज झाले कसे' हा प्रश्न इतक्या बारकाईने विचारते, ही विसंगती मला फार बोलकी वाटते. स्मृतिकारांना सावकार प्रत्यक्ष दिसत होता; यमाचा चित्रगुप्त कोणी पाहिला नव्हता.

हा प्रश्न विचारण्याचे धैर्य इंग्रजी दिवाणी न्यायालयांना मात्र बराच काळ झाले नाही. खत आहे, खाली निशाणी आहे, कुळ हजर नाही, तेव्हा हुकूमनामा, असा मुनसफाचा सरळ मार्ग होता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि दंग्याचे लोण पुणे-नगर भागात पसरले, तेव्हा त्यांचा रोख खते हिसकावून जाळण्यावर होता. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यातील सर्वांत क्रांतिकारक कलम मला असे वाटते की, न्यायाधीशाने केवळ खतावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन पहिल्या देण्याघेण्यापासूनचा हिशेब तपासावा. या एका तरतुदीत परावलंबनाच्या, म्हणजे गरीब देशांच्या दारिद्र्याचे मूळ श्रीमंत देशांशी झालेल्या व्यवहारांत शोधणाऱ्या, साऱ्या अर्थशास्त्राचे बीज आहे असे मी म्हटले तर अर्थशास्त्रज्ञ हसतील. त्यांनी खुशाल हसावे.

कारण ते शास्त्र तरी दुसरे काय करते? 1841 साली मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात 'एक हिंदू' या सहीने पत्रे लिहून भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी कंपनी सरकारच्या लुटीचा हिशेब मागितला. 1867 साली दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये निबंध वाचला आणि त्याचे शीर्षकच असे ठेवले की ऋणको व धनको यांची अदलाबदल व्हावी: इंग्लंडचे हिंदुस्थानास असलेले देणे. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना शेकडा साडेदहा या दराने मिळणारा लाभांश, म्हणजे सालिना 6 लाख 30 हजार पौंड, हिंदुस्थानच्या महसुलातून जात असे. ज्या पेढीने देश काबीज केला तिच्या मालकांचा नफा काबीज झालेल्या रयतेने पुरवावयाचा, ही हैतीच्या खताची सख्खी बहीण होय. पुढे 1949 साली अर्जेंटिनाच्या राऊल प्रेबिश यांनी जगाची केंद्र आणि परीघ अशी वाटणी करून दाखविली: परिघावरील देश कच्चा माल विकतात, केंद्रातील देश पक्का माल विकतात, आणि काळाच्या ओघात तोच पक्का माल घेण्यास अधिकाधिक कच्चा माल मोजावा लागतो. आंद्रे गुंडर फ्रँक यांनी तर 1960 नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की, मागासलेपणा ही विकासापूर्वीची अवस्था नव्हेच. विकासाच्या त्याच यंत्राने एका टोकाला संपत्ती काढली आणि दुसऱ्या टोकाला दारिद्र्य. याच्या उलट रोस्टो यांच्यासारख्यांनी 1960 साली सर्व राष्ट्रांसाठी एकच पायऱ्यांचा जिना बांधून दिला. जो खाली आहे तो अद्याप चढला नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण. आणि हे स्पष्टीकरण 'असेल त्याचे प्रारब्ध' यापेक्षा मला फारसे निराळे वाटत नाही.

हा विचार अर्थशास्त्राच्या कक्षेतून धर्मात शिरला तो लॅटिन अमेरिकेत. 1968 साली कोलंबियातील मेदेयिन येथे जमलेल्या बिशपांनी दारिद्र्याला व्यवस्थेने केलेला हिंसाचार म्हटले, आणि 1971 साली पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी मुक्तीच्या ईश्वरशास्त्रावरील ग्रंथात परावलंबनाचा सिद्धान्त उघडपणे स्वीकारला. पाप एकट्या माणसाच्या अंतःकरणात राहते की व्यापाराच्या करारांत, जमिनीच्या मालकीत, कर्जाच्या व्याजातही ते घर करते? व्हॅटिकनने 1984 साली या मताच्या पुरस्कर्त्यांना कडक शब्दांत सावध केले, आणि त्या इशाऱ्यात तथ्य होते हे मी नाकारणार नाही. व्यवस्थेला पापी ठरविले म्हणजे माणूस सुटतो.

माणूस सुटता कामा नये. ज्या बॉयेने फ्रेंच खतावर मान्यता दिली त्यानेच 1826 साली ग्रामीण कायदा करून स्वतंत्र झालेल्या शेतकऱ्याला पुन्हा मळ्याशी जखडण्याचा प्रयत्न केला, आणि 1957 ते 1986 या काळात ड्युव्हालिए पितापुत्रांनी आपल्याच देशाची जी लूट केली तिचे खापर पॅरिसच्या पेढ्यांवर फोडता येणार नाही. ब्राझीलचे कार्दोसो आणि चिलीचे फालेत्तो यांनी 1969 साली नेमके हेच दाखविले की, बाहेरच्या वर्चस्वाला आतून भागीदार लागतात. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना गोऱ्या अंमलदारांबरोबर त्यांच्या हाताखालील देशी कर्मचाऱ्यांचीही झडती घेतली होती. हिशेब मुळापासून तपासावयाचा म्हटले की तो घरातल्या वहीपर्यंत येणारच. त्याला इलाज नाही.

हैतीचे धर्मगुरू जाँ-बेर्त्रँ आरिस्तीद मुक्तीच्या ईश्वरशास्त्रात वाढलेले होते. राष्ट्राध्यक्षपदावर असताना 2003 साली त्यांनी फ्रान्सकडे 21 अब्ज डॉलरांहून अधिक परतफेड मागितली. फ्रान्सने नेमलेल्या समितीने 2004 च्या आरंभी या मागणीला कायदेशीर आधार नाही असा अभिप्राय दिला. आरिस्तीद त्याच फेब्रुवारीत पदच्युत झाले. 2015 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी हैतीचे ऋण आपण फेडू असे भाषणात म्हटले, आणि त्यांच्या कार्यालयाने तत्परतेने खुलासा केला की ते ऋण नैतिक आहे. घेताना सोने मोजून घेतले आणि देताना मात्र नीती पुढे केली. त्या फर्मानाला 200 वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, 17 एप्रिल 2025 रोजी, दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमण्याची घोषणा फ्रान्सने केली. जे ऋण या आयोगाने तपासावयाचे आहे त्यापोटी काढलेल्या कर्जांची शेवटची बाकी हैतीने चुकती केली ती 1947 साली.